नीरुगंटीचा माईक आणि आमचं रिकामं चॅनेल

माझं काम काय, हे घरी समजावून सांगायचा प्रयत्न मी एकदाच केला. बाबांना म्हटलं, सिटी बसमध्ये बायकांसाठी राखीव सीटा असतात ना, त्या रिकाम्या दिसल्या की पुरुष बसतात आणि बाई चढली की उठतात. माझं यंत्र तसं. हवेतल्या लहरींची एक मोठी पट्टी टीव्हीसाठी म्हणून राखून ठेवलेली आहे आणि खेड्यांकडे तिचा बराचसा भाग ओसाड असतो. आमचा रेडिओ आधी कान देऊन ऐकतो. कुणी बोलत नसेल तर त्या जागेतून इंटरनेट पाठवतो, आणि मूळ मालक बोलायला लागला की मुकाट्यानं उठून दुसऱ्या चॅनेलवर जातो. याला कॉग्निटिव्ह रेडिओ म्हणतात. बाबा म्हणाले, "सरी. पण उठत नाहीत गे पुरुष, सांगावं लागते." आणि पुन्हा पेपर वाचायला लागले.

आमचं घर बेंगळुरूच्या जुन्या पेठेत आहे. घराण्यानं इकडे मुक्काम ठोकून तीनशेच्या वर वर्षं झाली. आमच्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय, 'बरं'च्या जागी 'सरी' म्हणण्याइतकं, की पुण्याहून आलेले सहकारी मला अजून विचारतात, तू नक्की कुठली. ऑफिस बेळ्ळंदूरला. आमच्या टीमला एक प्रयोग मिळाला होता: देवनहळ्ळीच्या पुढच्या एका गावात, टीव्हीच्या पट्टीतल्या रिकाम्या चॅनेलवरून शाळा, आरोग्य उपकेंद्र आणि पंचायत यांना इंटरनेट द्यायचं, आणि ती पट्टी किती जास्तीत जास्त वापरात आणता येते ते दाखवायचं. आमच्या भाषेत स्पेक्ट्रमची कार्यक्षमता. हा आकडा जितका मोठा, तितके साहेब खूश. परवानगी प्रयोगापुरती होती आणि तिच्यात एकच अट ठळक अक्षरांत होती, दुसऱ्या कुणाला त्रास होता कामा नये.

आधी पट्टी खरंच रिकामी आहे का, ते मोजायचं होतं. मोजायचं यंत्र महागाचं. ते एक रात्रही ऑफिसबाहेर ठेवायची मुभा नव्हती. सकाळी स्टोअरच्या वहीत सही करून घ्यायचं आणि संध्याकाळी सही करून परत द्यायचं. आता ज्यांना आउटर रिंग रोड माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. बेळ्ळंदूरहून नऊच्या आत निघणं अशक्य आणि नऊनंतर निघालं की गावात पोचायला बारा. साडेतीनला परत फिरलं नाही तर हेब्बाळच्या पुलावर अंधार पडतो. म्हणजे बारा ते साडेतीन, त्यातही अर्धा तास जेवण. असे आम्ही कितीतरी दिवस गेलो. मोजमापाचे आलेख काढले. आलेख इतके स्वच्छ होते की साहेबांनी त्यांतला एक मोठा करून मीटिंगच्या खोलीत लावला. माणूसच नाही हो तिथे, ते म्हणाले, सगळं रान मोकळं.

आम्ही ज्याला गावाचा आलेख म्हणत होतो तो खरं तर बेंगळुरूच्या ट्रॅफिकचा आलेख होता. हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि आमच्या टीममध्ये सगळ्यात जास्त वर्षं या शहरात काढलेली मीच.

गावातली सगळ्यात उंच जागा म्हणजे पाण्याची टाकी. तिच्यावर आम्ही अँटेना चढवली. खाली कुंपणात लोखंडी पेटी, पेटीत आमचा रेडिओ. कुंपणाची किल्ली नीरुगंटीकडे असायची. पाणी सोडणाऱ्या माणसाला तिकडे नीरुगंटी म्हणतात. हा तलावाच्या काळातला हुद्दा. आता तलाव आटला, त्याच्या निम्म्या भागात लेआउटचे, म्हणजे विकायच्या प्लॉटांचे, दगड रोवले गेले, आणि नीरुगंटीच्या हाती बोअरवेलच्या पाण्याची टाकी आणि गल्लीगल्लीचे व्हॉल्व्ह उरले. हे गृहस्थ साठीच्या घरातले होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. उन्हाळ्यातही गळ्याला पंचा गुंडाळलेला. काही वर्षांपूर्वी त्यांच्या घशात गाठ निघाली होती. ती कापली, आणि आवाजातला मोठा वाटा तिच्याबरोबर गेला. उरला तो कुजबुजीएवढा. ते बोलायला लागले की आपण आपोआप पुढे झुकतो.

पूर्वी ते गल्लीच्या तोंडाशी उभे राहून हाक द्यायचे, पाणी आलं. ऑपरेशननंतर ते बंद झालं. मग पंचायतीनं लग्नाच्या मांडवाचं सामान भाड्यानं देणाऱ्याकडून एक जुना वायरलेस माईक आणला. त्याचा आवाज पकडणारा डबा पंचायतीच्या खोलीत, कर्णे छपरावर. अण्णा व्हॉल्व्ह फिरवायचे आणि तिथूनच माईक तोंडाशी धरून सांगायचे, तिसऱ्या गल्लीला पाणी सोडलंय, अर्धा तास आहे. त्या अर्ध्या तासात घरोघरच्या बायका हातातलं काम टाकून घागरी लावायच्या. ज्यांना ऐकू गेलं नाही त्यांचा तो दिवस कोरडा. ही सगळी हकीगत अण्णांनीच मला टाकीच्या सावलीत बसून सांगितली होती. मी चांगली मान डोलावून ऐकली होती. माईक हासुद्धा रेडिओच असतो, आणि तो बहुतेक आमच्याच पट्टीत बोलतो, हे मला शिकवायची गरज नव्हती. तरी मी विचारलं नाही. आलेख स्वच्छ होते ना.

प्रयोग सुरू झाला आणि पहिल्या आठवड्यातच आकडा पडला. आमचा रेडिओ कारण नसताना दचकत होता. कुठे मोटारीची ठिणगी उडाली, कुठे वीज खाली-वर झाली की त्याला वाटायचं मालक आला, आणि हा चॅनेल सोडून पळायचा. साप म्हणून भुई धोपटायचा प्रकार. यावर उपाय सोपा असतो. किती मोठा आवाज आला की त्याला आवाज म्हणायचं, तो उंबरठा वर उचलायचा. मी तो उचलला. माझ्या टेबलावर बसून, कॉफीचा कप हातात असताना. दचकणं थांबलं, आकडा चढला, साहेबांनी सगळ्यांना पाठवलेल्या ईमेलमध्ये माझं कौतुक केलं. मला आनंद झाला. तो लपवण्यात अर्थ नाही.

त्यानंतर तीन महिने मी फारच कमी वेळा गेले. गेले तेव्हा अण्णा प्रत्येक वेळी आधीपेक्षा गप्प वाटले. किल्ली देताना हातानंच खुणा करायचे. एकदा मी विचारलं, बरं नाही का. त्यांनी गळ्यावर बोट ठेवलं आणि मोठ्या कष्टानं म्हणाले, "परत गेला, अक्का."

आवाज पुन्हा जायला लागला होता. माईकवर बोललं की तुकडे पडायचे. लोकांना अर्धवट ऐकू यायचं, कुठली गल्ली ते कळायचं नाही. बायका चिडायच्या. कुणी म्हणालं पितो, कुणी म्हणालं म्हातारा झाला. अण्णांना मात्र वेगळंच भय होतं. त्यांना वाटत होतं, गाठ पुन्हा आली. शहरातल्या इस्पितळात दोनदा जाऊन आले होते. डॉक्टरनं नळी घालून पाहिलं आणि म्हणाला, काही नाही. अण्णांचा विश्वास बसला नाही. "पहिल्या वेळीही आधी काही नाहीच म्हणाले होते," ते म्हणाले. पंचायतीनं सांगितलं होतं की येत्या सोमवारपासून दुसरा माणूस येईल, किल्ली त्याच्याकडे द्या.

मला वाईट वाटलं. आपल्याला ज्यात काही करता येण्यासारखं नसतं अशा गोष्टींचं जसं वाटतं तसं. साडेतीन वाजले होते. मी गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सुट्टी. सकाळी डोसे होते. मी बाबांना ही हकीगत सांगितली, कारण बाबा स्वतःच आयुष्यभर पाण्याच्या माणसाच्या तालावर उठलेले. आमच्या गल्लीत पाणी एक दिवसाआड येतं, आणि व्हॉल्व्हवाला पहाटे साडेपाचला लोखंडी सळई आपटत येतो. माझ्या लहानपणी आमच्या घरात घड्याळाचा गजर कुणी लावलेला मला आठवत नाही.

बाबा म्हणाले, "कसं बोलते तो माईकमधी? तुकडे तुकडे म्हणजे कसं?"

"मी ऐकलं नाही."

"तीन महिने जातेस ना गे तू?"

"मी असते तेव्हा पाण्याची वेळ नसते, बाबा. पाणी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. मी बारा ते..."

वाक्य तिथेच राहिलं. बाबांना काही कळलं नव्हतं. ते चटणी वाढून घेत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी लोकांना किती वेळा ऐकवली असेल. पाणी सोडणाऱ्याची वेळ ऑफिसची नसते, हे मला तान्हेपणापासून माहीत होतं.

ऑफिसची गाडी सुट्टीच्या दिवशी मिळत नाही. मी बसनं देवनहळ्ळी आणि तिथून रिक्षानं गाव गाठलं. पाच वाजून गेले होते. अण्णा टाकीपाशी होते. मी म्हटलं, आज तुमचं काम बघायचं आहे. त्यांनी मान हलवली. शनिवार होता, सोमवारी किल्ली जाणार होती, त्यांना कशाचंच विशेष राहिलं नव्हतं.

पहिल्या गल्लीचा व्हॉल्व्ह देवळामागच्या खोलगटात आहे. मी तिथून वर टाकीकडे पाहिलं आणि मला आमची अँटेना दिसली. तिचं तोंड शाळेकडे, म्हणजे टेकडीकडे होतं; पंचायतीची खोलीही त्याच बाजूला. तसं आम्हीच लावलं होतं, शाळेला जोर मिळावा म्हणून. अण्णा रोज जिथे उभे राहून बोलत होते तिकडे तिची पाठ होती.

त्यांनी चाक फिरवलं, माईकचं बटण दाबलं आणि बोलले. छपरावरच्या कर्ण्यांतून जे आलं ते असं: खरखर, "गल्ली", खरखर, "लंय", खरखर, "तास". मी मनात मोजत होते. खरखर, थांबा, खरखर, थांबा. सगळे थांबे एकसारखे. तो ठेका मला पाठ होता. आमचा रेडिओ ठरावीक वेळ बोलतो आणि मग क्षणभर गप्प बसून ऐकतो, कुणी मालक आलाय का म्हणून. तो क्षण किती लांब असावा ते मीच ठरवलं होतं. आमचं यंत्र ऐकण्यासाठी गप्प बसायचं तेवढ्यात अण्णांचा एखादा शब्द कर्ण्यापर्यंत पोचत होता. बाकी सगळ्यावर आम्ही बसलो होतो. आणि त्या क्षणात यंत्र ऐकत होतं काय? अण्णांचा जुना, कमजोर माईक माझ्या उंबरठ्याच्या बराच खाली होता.

समोरच्या ओट्यावरची एक बाई घागर आपटून म्हणाली, "आज परत पिऊन आलाय." अण्णांनी ऐकलं. माईक छातीशी धरून ते पुढच्या गल्लीकडे चालायला लागले.

मी त्यांच्याकडून किल्ली मागून घेतली. कुंपणात गेले, पेटी उघडली आणि रेडिओ बंद केला. हिरवे दिवे विझले. मग कुंपणाच्या जाळीला धरून उभी राहिले. दुसऱ्या गल्लीचा व्हॉल्व्ह सुटला असेल, कर्ण्यातून आवाज आला. बारीक, घोगरा, पण सलग. दुसऱ्या गल्लीला पाणी सोडलंय, अर्धा तास आहे. मग थोडा वेळ काही नाही. मग तोच आवाज पुन्हा, तेच वाक्य, जरा हळू. मग तिसऱ्यांदा. त्या गल्लीला पाणी आल्याचं त्या दिवशी तीन वेळा सांगितलं गेलं.

मी खाली गेले आणि त्यांना सांगितलं. तुमचा घसा ठीक आहे. आमचं यंत्र होतं. चूक माझी. मला लाज वाटत होती, आणि ती कुठल्याही तांत्रिक शब्दात गुंडाळता येत नव्हती. कन्नडमध्ये तर मुळीच नाही.

अण्णांनी माईक उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "तुमचं यंत्र आधी ऐकतं, असं तुम्हीच सांगितलं होतं."

"हो."

"मग?"

मी म्हटलं, हळू आवाज त्याला ऐकू येणार नाही अशी व्यवस्था मी केली होती. ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी चिडावं असं मला वाटत होतं, खरं तर. त्यांनी गळ्याचा पंचा सोडला, झटकला, पुन्हा गुंडाळला. "तिसरी गल्ली राहिलीय," ते म्हणाले आणि निघाले.

त्याच संध्याकाळी मी पंचायतीच्या अध्यक्षीण बाईंच्या दारात उभी राहून सगळं पुन्हा सांगितलं. बाई समंजस होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, मग हे आधी का नाही कळलं. सोमवारी नवा माणूस आला नाही. किल्ली अण्णांकडेच राहिली.

ऑफिसातला सोमवार वेगळा होता. साहेब म्हणाले, "माईकला परवाना आहे? नाही ना? मग तो आपल्या हिशेबात मालक नाही. नियमाप्रमाणे तिथे कुणीच नाही." नियमाप्रमाणे ते बरोबर होते. मी म्हटलं, अटीत परवान्याचं नाव नाही, त्रास लिहिलंय. ते म्हणाले, स्वल्प प्रॅक्टिकल व्हा. मला प्रॅक्टिकल हा शब्द कुठल्याही भाषेत ऐकला की राग येतो. मी भिंतीवरचा आलेख काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, यात सकाळचे सहा कुठे आहेत, दाखवा. खोलीत सहा जण होते आणि सगळे हेब्बाळच्या पुलावर कधी ना कधी अडकलेले होते.  शेवटी अहवालात माईकची नोंद झाली. उंबरठा खाली आला, दुसरी अँटेना गावाकडे तोंड करून लागली, माईकचं चॅनेल कायमचं सोडलं. आकडा पडला तो पडलाच. पुढच्या कौतुकाच्या ईमेलमध्ये माझा उल्लेख नव्हता, आणि त्याचं मला वाईट वाटलं. एवढी काही मी साधू नाही.

दोन महिन्यांनी पुन्हा गेले. या वेळी मुद्दाम उशिरा, संध्याकाळचं पाणी बघून परतायचं ठरवून. अण्णा व्हॉल्व्हकडे गेले होते म्हणून त्यांच्या घरी थांबले. घर पहिल्या गल्लीत, देवळाला लागून. त्यांची बायको पायरीवर शेंगा निवडत होती. तिनं मला बसायला फळी दिली आणि मी कोण ते तिला माहीत आहे असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं.

मी म्हटलं, आता अण्णांचा आवाज छान येतो.

"येतो," ती म्हणाली. "माईकात येतो."

मग तिनं शेंगा निवडता निवडता, तक्रारीचा सूर न लावता सांगितलं. ते तीन महिने अण्णा घरात एक शब्द बोलले नव्हते. उरलासुरला आवाज संपून जाईल म्हणून. सकाळचं आणि संध्याकाळचं पाणी, एवढ्यापुरताच तो राखून ठेवला होता. जेवायला वाढ, पुरे, दिवा लाव, सगळं हातानं. सुरुवातीला तिला वाटलं रागावलेत. मग खुणा कळायला लागल्या. मग तीही कमी बोलायला लागली, एकटीनं किती बोलायचं.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता सवय झाली, अक्का."

आमचा रेडिओ चॅनेल सोडतो, मालकाचं बोलणं संपलं की पुन्हा परत येतो, याला पापणी लवायचाही वेळ लागत नाही. हे मी कितीतरी सभांमध्ये अभिमानानं सांगितलं आहे. मी तिला काही सांगणार होते, धीराचं काहीतरी, होईल हळूहळू असलं काही. तोंड उघडलंच होतं.

तेवढ्यात छपरावरचे कर्णे खरखरले. तिनं शेंगांचा हात उचलून मला गप्प बसवलं आणि मान कलती करून ऐकायला लागली. तिसऱ्या गल्लीला पाणी सोडलंय, अर्धा तास आहे. वाक्य संपलं, बटण बंद झाल्याचा टक आवाज आला, तरी ती तशीच बसून होती. पहिल्या गल्लीचं पाणी तर केव्हाच येऊन गेलं होतं. तिच्या घागरी दाराशी भरलेल्या होत्या.